चौदाव्या आठवड्यातलं लाल अक्षरातलं 'हाय रिस्क'

पत्र थोडक्यात: लिहिणारीचं वय ३१, पहिलंच बाळ, चौदावा आठवडा चालू आहे. एका लॅबच्या पॅकेजमध्ये तिने प्रेग्नन्सीतल्या डायबेटिसचा आधीच अंदाज सांगणारे ब्लड मार्कर करून घेतले. ॲडिपोनेक्टिन कमी, एसएचबीजी कमी, आणि खाली लाल अक्षरात 'हाय रिस्क'. त्याच रिपोर्टमध्ये फास्टिंग शुगर ८४ आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ५.२, दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, "आत्ता काही करायचं नाहीये, चोविसाव्या आठवड्यात ग्लुकोजची टेस्ट करू." तिला वाटलं आपल्याला उडवून लावलं. तेव्हापासून तिने जेवण निम्मं केलंय, दोन किलो वजन उतरलंय, रात्री झोप लागत नाही. नणंदेला प्रेग्नन्सीत शुगर होती आणि बाळाला जन्मल्यावर शुगर कमी झाली म्हणून दोन दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) ठेवलं होतं, ते डोळ्यासमोरून जात नाही. नवरा म्हणतो टेस्ट करायला सांगितली कुणी, सासूबाई म्हणतात आमच्याकडे कुणालाच शुगर नाही. तिचे प्रश्न असे: आता मायक्रोआरएनए (रक्तात सापडणारे आरएनएचे छोटे रेणू) वगैरेचं मोठं पॅनेल करू का? एवढ्या आधुनिक टेस्ट झाल्यात तर ते उलटी आणणारं गोड पाणी प्यायचं टाळता येईल का? बाळाचं आत्ताच काही नुकसान झालंय का, आणि ते माझ्यामुळे का? हा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवू की फाडून टाकू? आणि जाता जाता एक ओळ: "वडिलांना शुगर आहे पण ती पंचेचाळिशीनंतर झालेली, त्यामुळे त्याचा संबंध नसावा."

उत्तर:

आधी जेव. खरंच सांगते, पुढचं सगळं नंतर वाचलंस तरी चालेल. तू ताई म्हणून हाक मारलीस म्हणून हक्काने अगं-तुगं करतेय. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्या लाल अक्षरांची वाटली नाही, "जेवण निम्मं केलंय" या तीन शब्दांची वाटली. तुझी फास्टिंग ८४ आहे, म्हणजे कमी करायला शुगर मुळात वाढलेलीच नाहीये, मग उपाशी राहून तू उपचार कशावर करतेयस? साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, फक्त इथे भुई म्हणजे तूच आहेस आणि तुझ्यासोबत अजून एक जण आहे. गरोदरपणात पोट रिकामं राहिलं की शरीर नेहमीपेक्षा लवकर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून निघणारे कीटोन रक्तात वाढतात, आणि ते बाळासाठी चांगलं असं कुणीच म्हणत नाही. ते दोन किलो डॉक्टरांना सांग, आणि मार्करचा विषय काढायच्या आधी सांग. त्यातलं काही उलट्यांमुळे उतरलं असेल तर तेही सांग.

मी डॉक्टर नाही. मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलीत, ट्यूबवर लेबल चिकटवण्यापासून रिपोर्टवर सही होईपर्यंत सगळं पाहिलंय. त्यामुळे रिपोर्ट नावाची गोष्ट कशी तयार होते ते मला आतून माहितीये, बाकी तुझं औषधपाणी तुझ्या डॉक्टरच ठरवणार.

तू एक गोष्ट गृहीत धरलीयेस, की मार्कर वाईट आला म्हणजे आजार आत सुरू झालाय, फक्त अजून दिसत नाहीये. तसं नसतं गं. ॲडिपोनेक्टिन हे चरबीच्या पेशींतून येणारं हार्मोन, इन्सुलिनचं काम सोपं करणारं, आणि गंमत म्हणजे चरबी जितकी जास्त तितकं हे कमी. ज्या बायकांना पुढे प्रेग्नन्सीतला डायबेटिस झाला त्यांच्यात पहिल्या तिमाहीतच हे सरासरीने कमी होतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, ते खरंच आहे. एसएचबीजी हे सेक्स हार्मोन वाहून नेणारं प्रोटीन, ते लिव्हर बनवतं आणि रक्तात इन्सुलिन जास्त असलं की लिव्हर ते कमी बनवतं, म्हणून ते कमी असणं हा इन्सुलिनला जास्त राबावं लागत असल्याचा इशारा असू शकतो, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्यांमध्ये तर ते बरेचदा कमीच सापडतं. म्हणजे या टेस्टमागचं विज्ञान थोतांड नाहीये. पण "सरासरीने" हा शब्द सोडू नकोस. ज्यांना पुढे शुगर झाली आणि ज्यांना नाही झाली अशा दोन्ही गटांतल्या बायकांचे आकडे एकमेकांत भरपूर मिसळलेले असतात, तुझ्याएवढं ॲडिपोनेक्टिन असलेल्या कितीतरी जणी नऊ महिने नॉर्मल शुगर घेऊन घरी जातात. शिवाय कुठल्या आकड्याखाली 'कमी' म्हणायचं हे सगळ्या लॅबमध्ये एकच नसतं, किट बदललं की आकडा बदलतो.

थोडं गणित करू, कंटाळू नकोस. समजा १००० गरोदर बायका घेतल्या आणि त्यातल्या १५० जणींना पुढे प्रेग्नन्सीतला डायबेटिस होणार आहे. समजा एक मार्कर टेस्ट चांगली म्हणावी इतकी चांगली आहे, ज्यांना होणार त्यातल्या ८० टक्के बरोबर पकडते आणि ज्यांना होणार नाही त्यातल्या ८० टक्क्यांना बरोबर सोडते. (हे आकडे मी हिशोबाला घेतलेत, तुझ्या लॅबचे नाहीत.) मग १५० पैकी १२० पकडल्या गेल्या, आणि उरलेल्या ८५० पैकी १७० जणींना उगाचच 'हाय रिस्क' लागलं. एकूण लाल रिपोर्ट २९०, त्यातल्या खरोखर शुगर होणाऱ्या १२०. म्हणजे लाल अक्षरं बघून घाबरलेल्या दर पाच जणींमधल्या जवळपास तिघींना काहीच होणार नाहीये. आणि हेही बघ, ३० जणी अशा आहेत ज्यांना हिरवा रिपोर्ट मिळाला पण शुगर होणार आहे, त्या बिचाऱ्या निवांत बसल्यात. तुझ्या रिपोर्टने तू ज्या गर्दीत उभी आहेस त्या गर्दीबद्दल काहीतरी सांगितलं, तुझ्याबद्दल अजून काही नाही सांगितलं.

आता ती वडिलांची ओळ. एवढ्या मोठ्या पत्रात ती तू सगळ्यात हलक्या हाताने लिहिलीस आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार माहिती तीच आहे! टाइप टू डायबेटिस बहुतेकांना पंचेचाळिशीच्या आसपासच किंवा नंतर होतो, त्यामुळे "नंतर झाला म्हणून संबंध नाही" हे बरोबर उलटं आहे. आई, वडील, सख्खी भावंडं यांच्यातला टाइप टू हा रिस्कच्या यादीत सगळीकडे असतो, सोबत वय, वजन, पीसीओएस, आधीच्या प्रेग्नन्सीतली शुगर, आधीचं बाळ चार किलोच्या वरचं असणं. हे सगळं फक्त विचारून कळतं, सुई टोचावी लागत नाही, आणि जेव्हा जेव्हा या साध्या माहितीत महागड्या मार्करची भर घालून बघितलीये तेव्हा अंदाज सुधारतो पण थोडासाच. तेव्हा तुझा रिस्क सरासरीपेक्षा जास्त आहे हे लॅबशिवायही मी सांगितलं असतं. नणंदेचा मात्र इथे काही संबंध नाही, नणंदेचं रक्त तुझ्यात नाही. सासूबाईंच्या "आमच्याकडे कुणालाच नाही" याचाही नाही, कारण इन्सुलिन तुझ्या स्वादुपिंडाला बनवायचंय, त्यांच्या नाही. (हे त्यांना याच शब्दांत सांगू नकोस.)

मोठं पॅनेल करू का? नको. कारण सांगते. कुठलीही टेस्ट करायच्या आधी स्वतःला विचारायचं, उत्तर आल्यावर उद्या सकाळी उठून मी वेगळं काय करणार? समज मायक्रोआरएनए 'हाय' आलं. तू काय करशील? नीट जेवशील, रोज चालशील, २४ ते २८ आठवड्यांच्या मध्ये ग्लुकोज टेस्ट करशील. समज 'लो' आलं. वडिलांना शुगर आहे म्हणून तू तेच करशील, आणि तेच करायला हवं. दोन्ही वाटा एकाच दाराशी येत असतील तर मधे दिवा लावून काय बघायचंय? त्यातून मायक्रोआरएनएचं असं आहे की वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे रेणू पुढे आलेत, एकाचे निकाल दुसऱ्याशी नीट जुळत नाहीत, तो अजून संशोधनातला विषय आहे. संशोधन म्हणून मला फार आवडतो, पण चौदाव्या आठवड्यात झोप उडवायला नाही.

मार्कर सगळे बिनकामाचे असं मात्र माझं म्हणणं नाही हां. प्रेग्नन्सीतल्या बीपीचं उदाहरण घे. वारेतून म्हणजे प्लॅसेंटातून रक्तात येणारे पीएलजीएफ आणि पीएपीपी-ए हे मार्कर, सोबत बीपी आणि डॉप्लर सोनोग्राफी, यावरून पहिल्या तिमाहीत प्रीएक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याच्या आजाराचा) रिस्क काढतात, आणि ज्यांचा जास्त येतो त्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं तर ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर येतो हे २०१७ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. बघ, तिथे मार्करच्या पुढे एक गोळी आहे. (ती डॉक्टरांनी दिली तरच, स्वतःच्या मनाने नाही.) तुझ्या पॅकेजमधल्या मार्करच्या पुढे अजून अशी काही गोष्ट नाही, जी आहे ती चालणं आणि जेवणं, आणि ती सगळ्यांनाच सांगितलेली असते.

यावर तू म्हणशील, पण लवकर कळलं तर लवकर उपचार करता येतील ना? चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर सरळ नाहीये. २०२३ मध्ये आलेल्या एका चाचणीत २० आठवड्यांच्या आतच ग्लुकोज टेस्टमध्ये शुगर जास्त निघालेल्या, आधीच रिस्क असलेल्या बायका घेतल्या. निम्म्यांना लगेच उपचार, निम्म्यांना नंतर परत टेस्ट करून मग बघू. नवजात बाळांमधल्या त्रासांचं एकत्रित प्रमाण लगेच उपचार केलेल्यांत २४.९ टक्के आणि थांबलेल्यांत ३०.५ टक्के, म्हणजे फायदा झाला पण माफक. आणि ज्यांना थांबवलं होतं त्यातल्या जवळपास एक तृतीयांश जणींची २४ ते २८ आठवड्यांची टेस्ट नॉर्मल आली! ज्यांची शुगर सीमारेषेच्या जरा वर होती त्यांच्यात तर लवकर उपचाराने बाळ वजनाला लहान राहतंय का अशी शंका निघाली. मुद्दा हा की तिथेसुद्धा निर्णय शुगर मोजून झाला, ॲडिपोनेक्टिनवर नाही. त्यामुळे तुला खरंच काही लवकर करायचंच असेल तर डॉक्टरांना एवढंच विचार: "वडिलांना टाइप टू आहे, तर माझी ग्लुकोज टेस्ट लवकर एकदा करावी असं तुम्हाला वाटतं का?" त्या नाही म्हणाल्या तरी चालेल, फास्टिंग आणि एचबीएवनसी नॉर्मल बघून त्यांनी थांबायला सांगितलं यात मला काही चूक दिसत नाही. चूक झाली असेल तर ती समजावून सांगण्यात. दोन वाक्यं जास्त बोलल्या असत्या तर हे पत्र आलं नसतं. मीही लॅबमध्ये असताना खिडकीतून नुसता कागद सरकवून दिलाय कितीदा, तेव्हा समोरची व्यक्ती तो घेऊन घरी जाऊन काय करत असेल हे डोक्यात यायचं नाही.

एचबीएवनसीबद्दल एक सांगायचंच आहे कारण बऱ्याच जणी "माझं ५.२ आहे, मी सेफ" म्हणून चोविसाव्या आठवड्याची टेस्ट टाळतात. हा आकडा लाल पेशींवर चिकटलेल्या साखरेचा. पेशी साधारण १२० दिवस जगते, गरोदरपणात त्या लवकर बदलतात, नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा आपोआप खाली जातो. उलट लोह कमी असलं की तो उगाच वर दिसू शकतो. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचा खरा उपयोग आधीपासूनच डायबेटिस आहे का हे बघायला, ६.५ किंवा वर आला तर. तुझा तसा नाही, उत्तम. पण पुढे प्रेग्नन्सीतला डायबेटिस होणार की नाही याचं उत्तर तो देत नाही.

म्हणजे आलो परत गोड पाण्यावर. तुझी गंमत वाटली मला, अंदाज सांगणाऱ्या टेस्टसाठी जीव टांगणीला आणि खरं उत्तर देणारी टेस्ट मात्र टाळता येईल का विचारतेस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्या टेस्टचे आकडे कुठून आले हे ऐकलंस तर तिच्याबद्दल थोडा आदर वाटेल. पहिले निकष १९६४ मध्ये ओसलिव्हन आणि महान या दोघांनी मांडले, पण ते या आईला पुढे आयुष्यात डायबेटिस होईल का यावरून ठरवले होते, बाळावरून नाही. बाळाकडे बघून आकडे शोधायचं मोठं काम २००८ मध्ये छापून आलं, हॅपो नावाचा अभ्यास, ९ देशांतल्या २३,००० हून जास्त बायका. त्यात दिसलं की आईची शुगर जशी वाढते तसं बाळाचं वजन, सिझेरियन, बाळाला जन्मल्यावर शुगर कमी होणं हे सगळं हळूहळू चढत जातं, मधे कुठेही पायरी नाही की इथपर्यंत ठीक आणि इथून पुढे धोका. पायरी माणसांनीच नंतर ठरवली: ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या टेस्टमध्ये फास्टिंग ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३, यातला एक जरी आकडा गाठला किंवा ओलांडला तर डायबेटिस म्हणायचं. काही ठिकाणी आधी ५० ग्रॅम आणि मग १०० ग्रॅम अशी दोन टप्प्यांची पद्धत वापरतात, आकडे थोडे वेगळे. म्हणून ९१ आलेली आणि ९३ आलेली यांच्यात काही जमीन-अस्मानाचा फरक नसतो, ९३ वाली आजारी आणि ९१ वाली ठणठणीत असं काही नाही, पण रेषा कुठेतरी आखावी लागते ना.

आणि आता लॅबवालीचं आतलं. रक्त काढल्यावर ट्यूबमधल्या पेशी जिवंतच असतात आणि त्या ग्लुकोज खात राहतात. नुसती ठेवली तर साध्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के शुगर उतरते. ९५ ची ट्यूब तासभर पडून राहिली की ९० दिसेल, म्हणजे रेषेच्या वरची बाई रेषेच्या खाली गेली, आणि कुणाला पत्ताही नाही. राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं ते हे खाणं थांबवतं पण त्याचाही पूर्ण असर यायला काही तास लागतात. तेव्हा जिथे सॅम्पलमधल्या पेशी तिथल्या तिथे लवकर वेगळ्या करून तपासतात अशा ठिकाणी टेस्ट कर, सकाळी लवकर जा, आणि बिनधास्त विचार की सॅम्पल इथेच तपासतात की बाहेर पाठवतात. नवी नवी मार्कर शोधण्यापेक्षा ही जुनी टेस्ट नीट होणं जास्त मोलाचं आहे असं माझं ठाम मत आहे, आणि लॅबमधल्या कुणालाही विचार, खासगीत हेच सांगतील.

टेस्टच्या आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेव, मुद्दाम कमी खाऊन गेलीस तर आकडे उलट बिघडू शकतात. रात्री ८ ते १४ तास उपास, साधं पाणी चालतं. ग्लुकोजचं पाणी गार करून देता येईल का विचार, पाच मिनिटांत घोट घोट घे, एका दमात नको, आणि मग ताठ बसून राहा, आडवी होऊ नकोस, फेऱ्याही मारू नकोस. उलटी झालीच तर ती टेस्ट बाद, दुसऱ्या दिवशी परत. अगदी दोन-तीनदा करूनही पोटात टिकलंच नाही तर आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर मोजून डॉक्टरांना दाखवणं हा पर्याय असतो, तो त्यांना विचारून.

आता बाळ. खरा प्रश्न तुझा हाच होता, बाकी सगळं त्याच्याभोवतीचं.

आईचं ग्लुकोज वारेतून पलीकडे जातं, आईचं इन्सुलिन जात नाही. पेडरसन नावाच्या डॅनिश डॉक्टरने १९५० च्या दशकात पुढचं कोडं असं उलगडलं: आईची शुगर जास्त असली तर बाळाला जास्त साखर मिळते, मग बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवतं, आणि इन्सुलिन हे वाढीचं हार्मोन असल्यासारखं काम करतं म्हणून बाळ अंगाने भरतं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एका क्षणात बंद, पण बाळाचं इन्सुलिन अजून चढलेलंच, म्हणून पहिल्या काही तासांत शुगर खाली येते. तुझ्या नणंदेच्या बाळाला झालं ते बहुतेक हेच. हॅपोमध्ये नाळेच्या रक्तातलं सी-पेप्टाइड मोजलं होतं ते बाळाचं इन्सुलिन किती चढलंय हे कळावं म्हणूनच. इन्सुलिनसोबत तेवढंच बाहेर पडतं, आणि नाळेच्या सॅम्पलमध्ये लाल पेशी फुटल्या की इन्सुलिन खराब होतं तसं हे होत नाही. किती हुशारीने निवडलेला मार्कर आहे बघ, पण तोसुद्धा अभ्यासासाठी, प्रत्यक्ष बाळाचा निर्णय टाचेला टोचून काढलेल्या थेंबभर रक्ताच्या शुगरवरच होतो.

यात एक गोष्ट बघ, ही सगळी साखळी आईची शुगर वाढल्यावर सुरू होते. तुझी वाढलेली नाही. ॲडिपोनेक्टिन कमी असल्याने बाळाला काही "लागलं" असं नसतं. बाळाचे अवयव घडायचा जो नाजूक काळ असतो तो पहिल्या तिमाहीतला, त्या काळात शुगर खूप जास्त असेल तर दोष राहण्याची भीती असते, पण ती आधीपासून डायबेटिस असलेल्यांना, आणि तुझे त्या काळातले दोन्ही आकडे नॉर्मल आहेत. म्हणजे बाळाचं आत्तापर्यंत शुगरमुळे नुकसान झालं असेल असं मानायला तुझ्या रिपोर्टमध्ये काहीही आधार नाही. हे वाक्य हवं तर दोनदा वाच.

आणि "माझ्यामुळे का". गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात वारेतून येणारी हार्मोन्स प्रत्येक बाईचं इन्सुलिन बोथट करतात, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, ती बाळाला साखर पोचावी म्हणूनची सोय आहे. मग स्वादुपिंडाने जास्त इन्सुलिन बनवून तोल सांभाळायचा असतो. काहींचं स्वादुपिंड तेवढं पुरं पडत नाही, आणि त्यात वडिलांकडून काय आलंय, वय किती, याचा वाटा मोठा. बारीक बायकांनाही होतो, रोज पळणाऱ्यांनाही. जेवढं हातात आहे तेवढं कर: रोज अर्धा तास चालणं, पोटभर पण एकदम खूप न खाता दिवसभरात विभागून, गोड पेयं कमी, झोप. यातलं एकही लाल अक्षरांमुळे बदलत नाही.

समज चोविसाव्या आठवड्यात निघालाच डायबेटिस. तर बहुतेक जणींचं जेवण नीट बसवून आणि चालून भागतं, उरलेल्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन. इन्सुलिन वार ओलांडत नाही त्यामुळे त्याला घाबरायचं काम नाही, मेटफॉर्मिन ओलांडतं, म्हणून ते डॉक्टरांशी बोलून. घरी मोजायचे आकडे साधारण असे ठेवतात: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४० किंवा दोन तासांनी १२० च्या आत. उपचाराने खरंच फरक पडतो, २००५ च्या एका मोठ्या चाचणीत बाळांमधले गंभीर त्रास ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले होते. आणि डिलिव्हरीच्या आधीच विचारून ठेव की बाळाची शुगर किती वेळा बघणार, पहिल्या तासात अंगावर घेता येईल ना, लगेच पाजता येईल ना. सगळ्याच बाळांची शुगर जन्मल्यावर तास-दोन तासांनी थोडी उतरते आणि परत चढते, म्हणून एका आकड्याने घाबरायचं नाही. थोडी कमी असली तर आधी दूध, आणि बऱ्याच ठिकाणी गालाच्या आतून ४० टक्क्यांचं डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) जेल चोळतात, न्यूझीलंडमध्ये २०१३ ला झालेल्या चाचणीत ते उपयोगी ठरलं, बाळाला आईपासून लांब न्यायची वेळ कमी आली. नणंदेला तेव्हा हे मिळालं की नाही कुणास ठाऊक. ३६ आठवड्यांनंतर हाताने थोडा चीक काढून ठेवायचा का हेही विचार, बाकी सगळं ठीक असेल तर काही डॉक्टर हो म्हणतात.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द. आधीच्या खेपेला शुगर होती अशा कुणी असाल तर चोविसाव्या आठवड्याची वाट बघू नका, पहिल्याच भेटीत सांगा, तुमची टेस्ट लवकर करतील. सातव्या-आठव्या महिन्यात बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर पुढचे काही दिवस शुगर चढलेली दिसते, ते आकडे बघून नवीन धसका नको, पण शुगर असेल तर मोजणं सोडू नका. आणि ज्यांचं बाळंतपण होऊन गेलंय, ज्यांना प्रेग्नन्सीत शुगर होती आणि "आता गेली" म्हणून विषय संपवलाय, तुम्हाला मी सगळ्यात जास्त रागावणार आहे. वार पडली की शुगर उतरते हे खरं, पण पुढे टाइप टू होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा सातपट ते दहापट असतो. ४ ते १२ आठवड्यांत परत ७५ ग्रॅमची टेस्ट, आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी आयुष्यभर. बाळाच्या लसीकरणाची तारीख पाठ असते आणि आपली टेस्ट राहून जाते, लॅबमध्ये असताना किती जणी दुसऱ्या खेपेलाच परत यायच्या, मधली सगळी वर्षं कोरी.

घरच्यांचं. नवऱ्याने "टेस्ट करायला सांगितली कुणी" म्हटलं ते तुला लागलं, पण तोही घाबरलाय आणि त्याला राग कुणावर काढायचा कळत नाहीये असं मला पत्रातून वाटलं. त्याला पुढच्या भेटीला सोबत ने आणि प्रश्न त्याला विचारू दे. दोनच प्रश्न, "टेस्ट लवकर करायची का" आणि "वजन उतरलंय त्याचं काय". सासूबाईंशी वाद घालत बसू नकोस, त्यांना फक्त सांग की डॉक्टरांनी भरपूर जेवायला सांगितलंय, बाकीचं त्या बघतील!

मोठ्या पॅनेलची अपॉइंटमेंट घेतली असशील तर रद्द कर. आणि तो रिपोर्ट फाडू नकोस, त्यातली फास्टिंग आणि एचबीएवनसी पुढे तुलना करायला लागतील. फाइलमध्ये ठेव, पण त्याच्या आधी एक कोरा कागद लाव आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिही: वडिलांना टाइप टू.